ज्ञानूची खंडेनवमी

क्रांती खोतला रिकामं बसता येत नव्हतं असं नाही. तिला आजवर कुणी बसू दिलं नव्हतं, एवढंच. त्यामुळं ज्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच तिचं दिवसाचं काम उरकलं आणि ती खुर्चीला पाठ टेकून, हाताची घडी घालून खिडकीतून राजारामपुरीचा रस्ता बघत बसली, त्या दिवशी अख्ख्या पेढीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. टेंपो चालवणारा गुंडू दोनदा आत डोकावून गेला. मग त्याला राहवेना.

"ताई, बरं न्हाय काय?"

"बरं हाय की. बसलोय."

"ते दिसालंय. पण का?"

चौकातल्या कट्ट्यावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाय हलवत बसणाऱ्या बाप्यांना गुंडूनं हा प्रश्न जन्मात विचारला नसता. बाई मात्र नुसती बसलेली दिसली की बघणाऱ्याला चैन पडत नाही. वाटतं, काहीतरी बिघडलंय, नाहीतर आता बिघडणार. क्रांती पुन्हा खिडकीकडं वळली. तिला त्या बसण्याची चव घ्यायची होती.

पेढी शिवाप्पांची, सुताची. गिरण्यांकडून सूत यायचं आणि कबनूर-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जायचं. मधे सगळी लिखापढी. कारखानदाराची ऑर्डर मेलवर आली की ती वाचून बिलाच्या प्रोग्रॅममध्ये भरायची. बिल झालं की तेच नाव, तोच नंबर, तोच माल पुन्हा सरकारी साइटवर भरून ई-वे बिल काढायचं, म्हणजे टेंपोला रस्त्यानं माल नेण्याचा परवाना. मग तो गुंडूच्या फोनवर आणि कारखानदाराच्या मेलवर धाडायचा. पडद्यावरच्या एका खिडकीतलं उचलायचं, दुसऱ्या खिडकीत टाकायचं, दिवसभर. ऑर्डरी क्रांतीकडं, बिलं आणि परवाने मोनाकडं. मोना गगनबावड्याची, विशीतली, कोल्हापुरात खोली घेऊन राहणारी. बोलायला लागली की थांबत नसे, आणि या कामाला डोकं लागत नसल्यामुळं दोघींचं गप्पा मारत बरं चाललं होतं.

मग एकदा पुण्याहून एक टायवाला आला. पेढीचा कारभार आता शिवाप्पांचा मुलगा वीरेश बघायचा, आणि त्याला नव्याची हौस. टायवाल्यानं पडद्यावर दाखवलं की माणूस संगणकावर जे जे करतो ते एक सॉफ्टवेअर आपलं आपण करतं. मेल उघडतं, आकडे उचलतं, दुसरीकडं भरतं, चूक करत नाही, चहाला उठत नाही. रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन म्हणतात त्याला, असं त्यानं तीनतीनदा सांगितलं. वीरेशनं किंमत ऐकली, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. पण मागं बसलेल्या क्रांतीनं एक गोष्ट बरोबर ऐकली होती. त्या सॉफ्टवेअरचं शिकाऊ लोकांसाठीचं रूप फुकट मिळत होतं.

तिनं ते उतरवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात माऊस धरून ती ते शिकली. मोना शेजारी बसून आपलं काम पायरीपायरीनं सांगायची आणि क्रांती ते त्या सॉफ्टवेअरच्या गळी उतरवायची. पावसाळा सगळा त्यात गेला. सुरुवातीला त्यानं भारी घोळ घातले. एकदा कबनूरच्या एका कारखानदाराला ते दिवसभर एकच बिल पाठवत राहिलं. शेवटी त्यानं फोन करून विचारलं, "ताई, आमचं काय चुकलं काय?" मोनानं त्या सॉफ्टवेअरचं नाव ज्ञानू ठेवलं. तिच्या गल्लीत एक ज्ञानू होता, सांगितलेलं सगळं करायचा आणि का म्हणून कधी विचारायचा नाही.

हळूहळू ज्ञानू सुधारला. दोघींचं दिवसाचं काम दुपारच्या आत संपायला लागलं. एखादी ऑर्डर त्याला वाचता आली नाही तर तेवढी बाजूला काढून ठेवायचा, ती या दोघी बघायच्या. बाकी बसून राहायचं. क्रांतीला वाटलं, आता वीरेशला सांगावं.

"वीरेशदादा, काम दुपारपर्यंत उरकतंय. आम्ही दोघी दोन वाजता घरला जातो. पगार हाय तोच ठेवा. काम हाय तेवढं व्हतंयच की."

वीरेशनं ज्ञानूला चालताना बघितलं आणि तो हरखून गेला. क्रांतीची त्यानं तोंडभरून स्तुती केली, पेढे मागवले. संध्याकाळी त्यानं फोनवर जगाला कळवलं की आमच्या पेढीनं रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन सुरू केलंय. खाली त्याचा स्वतःचा फोटो होता, संगणकावर हात ठेवून. क्रांतीनं तो बघितला आणि तिला हसूच आलं. कारण फोटोत संगणक बंद होता.

हसू दुसऱ्या दिवशी संपलं. वीरेशनं तिला आत बोलावून सांगितलं की काम दोघींचं राहिलं नाही, एकीचं झालंय. मोनाला दसऱ्यापासून थांबवायचं. आणि कबनूरच्या गोदामाची लिखापढीही आता क्रांतीनंच बघायची, कारण तिच्याकडं वेळ आहे.

"वेळ माझ्याकडं हाय, म्हणून तो तुमचा कसा?" क्रांती म्हणाली. "मी काढलाय तो वेळ. मी आणि मोनानं."

"पेढीच्या संगणकावर काढलाय, ताई," वीरेश शांतपणे म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं कुठल्यातरी वर्गात शिकलेलं होतं की यंत्र आलं की माणूस कमी होतो, आणि पाढा म्हणावा तसं तो ते म्हणत होता.

मोनाला कळलं तेव्हा ती रडली नाही. तिनं डब्याची पिशवी क्रांतीच्या टेबलावरून उचलून आपल्या टेबलावर ठेवली. "ताई, तुमच्या ज्ञानूला मीच शिकवलं की सगळं," एवढंच म्हणाली. ती बडबडी पोर त्यानंतर क्रांतीशी अक्षर बोलेना. नोकरी गेली की खोली जाणार आणि खोली गेली की गाठोडं बांधून गगनबावड्याला परत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

क्रांतीच्या अंगाची लाही लाही झाली. ज्ञानूला पुसून टाकावं असं एकदा तिच्या मनात आलं. एक बटण दाबलं की काम होतं. पण मग काय? पुन्हा या खिडकीतून त्या खिडकीत, म्हातारं होईपर्यंत. मोनाला वाचवायचं म्हणून दोघींनी परत घाण्याला जुंपून घ्यायचं, हे तिला पटेना. ज्ञानूही राहील आणि मोनाही राहील. दोघी दोन वाजता उठतील. याच्यातलं काहीही कमी करायला ती तयार नव्हती. ते कसं व्हायचं, हे मात्र तिला सुचत नव्हतं.

एवढ्यात खंडेनवमी आली.

शिवाप्पांची पेढी इतर दिवशी काहीही असो, खंडेनवमीला ती त्यांच्या वडिलांच्या वेळची होऊन जायची. गादीपुढं लाल कापड अंथरायचं आणि ज्यानं त्यानं आपलं हत्यार त्यावर आणून ठेवायचं. हमालांचे पोती ओढायचे आकडे, वजनकाटा, टेंपोची किल्ली, टेबलावर काम करणाऱ्यांचे कीबोर्ड. शिवाप्पा कपाळाला विभूती लावून सगळ्यांना हळदकुंकू वाहायचे. त्यानंतर हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्याला एक दिवस विसावा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी शिवाप्पा स्वतः एकेक हत्यार उचलून ज्याचं त्याच्या हातात द्यायचे, वर पानसुपारी. त्याचा अर्थ, येणाऱ्या वर्षाचं काम पक्कं. आधी हमाल, मग गाडीवाला, मग टेबलावरची माणसं. घरच्यांची हत्यारं सगळ्यात शेवटी. राबणाऱ्याचा हात रिकामा असताना मालकानं आपला भरायचा नाही, असा शिवाप्पांच्या वडिलांचा नेम होता.

आदल्या दिवशी क्रांतीनं वीरेशला विचारलं होतं, "उद्या खंडेनवमी हाय. ज्ञानूला बंद ठेवू?"

"सॉफ्टवेअरला कसली खंडेनवमी?" वीरेश म्हणाला होता. "चालू दे. तेवढंच काम पुढं सरकंल."

"नक्की?"

"नक्की."

क्रांतीनं मग पुन्हा विचारलं नाही.

सकाळी सगळे जमले. लाल कापडावर आकडे, काटा, किल्ली मांडली गेली. क्रांतीनं आपला कीबोर्ड संगणकापासून सोडवून आणला आणि ठेवला. शेजारी जागा रिकामी होती. मोनाचा कीबोर्ड वीरेशनं कपाटात ठेवला होता. कशाला ठेवायचा, उद्या तो कुणाच्या हातात द्यायचाच नव्हता. मोना नवा ड्रेस घालून आली होती. तिनं ती रिकामी जागा बघितली आणि दाराकडं सरकून उभी राहिली. क्रांतीला एवढा संताप आला की तिला आरतीचे शब्दच आठवेनात.

संगणकाच्या पडद्यावर झेंडूची माळ घातलेली. शिवाप्पांनी हळदकुंकवाची बोटं उचलली आणि तेवढ्यात माळेमागं उजेड झाला. कीबोर्ड नाही, माऊसवर हात नाही, आणि पडद्यावर बाण आपला आपण पळू लागला. मेल उघडली, बिलाचा प्रोग्रॅम उघडला, आकडे भराभर भरले जाऊ लागले. कोपऱ्यातलं प्रिंटर खोकलं आणि बिलं बाहेर टाकायला लागलं. दसऱ्यानंतर माल लागेल म्हणून कारखानदारांनी आधीच पाठवून ठेवलेल्या ऑर्डरी होत्या त्या. असल्या ऑर्डरी क्रांती दरवर्षी बाजूला ठेवायची. ज्ञानू मात्र रोजच्या वेळेला आपला आपण सुरू झाला होता आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

"इदेन?" शिवाप्पांनी कानडीत विचारलं, हे काय म्हणून. मग मराठीत, मोठ्यानं. "कोण काम करालंय? आज? माझ्या पेढीत?"

सगळ्यांचे हात जोडलेले होते आणि बिलं पडतच होती.

वीरेशनं धावत जाऊन संगणक बंद केला. पण तोवर परवाने निघाले होते. टेंपो हार घालून उभा, किल्ली लाल कापडावर, आणि सरकारच्या लेखी माल रस्त्यावर. असा परवाना चोवीस तासांच्या आत रद्द करावा लागतो, नाहीतर तो कायमचा नावावर बसतो आणि न गेलेल्या मालाचा जाब द्यावा लागतो. वीरेशनं कीबोर्डाकडं हात नेला.

"हात लावायचा न्हाय," शिवाप्पा म्हणाले.

"अप्पा, रद्द करायला पाहिजेत. मी लॅपटॉपवर करतो."

"लॅपटॉप? तो का ठेवला न्हाईस? आण हिकडं. आणि फोनवरबी काम करायचं न्हाय."

लॅपटॉपही लाल कापडावर गेला. त्यालाही कुंकू लागलं. वीरेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण मोना दाराशी उभी होती, त्यामुळं क्रांतीला हसू आलं नाही. तिला दुसरंच काहीतरी दिसलं. उद्या घरच्यांची हत्यारं सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्या आधी शेवटचा नंबर आपला.

दसऱ्याला सकाळी पेढी भरून गेली. कबनूरचे दोनचार कारखानदार शिवाप्पांच्या पाया पडायला आले होते. हमालांनी एकेक करून आकडा घेतला, पान कपाळाला लावलं, तोंडात टाकलं. गुंडूनं किल्ली घेतली. परवाने रद्द करायचे चोवीस तास संपत आले होते आणि वीरेश सारखा घड्याळाकडं बघत होता. मोना दाराशी होती, हिशेब मिटवून घ्यायला आलेली.

शिवाप्पांनी क्रांतीचा कीबोर्ड उचलला, वर पानसुपारी ठेवली आणि पुढं केला. क्रांतीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"घे की पोरी."

"न्हाय, अप्पा."

दसऱ्याला या पेढीत हत्यार कुणी नाकारलं नव्हतं. नाकारणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं, आणि क्रांतीलाही. नोकरी गेली तर घरी जाऊन काय सांगायचं, याचा तिनं विचारच केलेला नव्हता. पण हात काही पुढं येईनात.

"माझ्याशेजारी मोनाची जागा रिकामी हाय," ती म्हणाली. "ती भरा, मग मी घेतो."

"अप्पा, हे माझं आणि त्यांचं बोलणं झालंय," वीरेश म्हणाला. "काम एकीचं झालंय. ज्ञानू करतोय की सगळं."

"तो काल काय करत हुता ते मी बघितलं," शिवाप्पा म्हणाले. "ज्ञानू म्हणजे हत्यार का माणूस, ते सांग मला आधी."

वीरेश अडखळला. क्रांती अडखळली नाही.

"हत्यार हाय, अप्पा. मी केलेलं आणि मोनानं शिकवलेलं. हमालानं आकडा नवा केला, पोतं हलकं लागायला लागलं, म्हणून तुम्ही दुसऱ्या हमालाला घरी बसवलं न्हाई कधी. मग आमच्यावरच का?"

हमाल एकमेकांकडं बघायला लागले. शिवाप्पा कीबोर्ड अजून तसाच पुढं धरून उभे होते.

"खाली ठेवा," क्रांती म्हणाली. "दमाल."

"ठेवा बाजूला, अप्पा," वीरेश कानाशी लागला. "दुसरी कुणी मिळंल. वेळ चाललाय. माझा लॅपटॉप द्या तेवढा."

शिवाप्पांनी एकदा मुलाकडं बघितलं, एकदा लाल कापडावरच्या लॅपटॉपकडं. कीबोर्ड बाजूला ठेवला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. कारखानदारांनी माना डोलावल्या असत्या. पण वडिलांच्या वेळपासून ज्या पेढीत एकही हत्यार दसऱ्याला कापडावर उरलं नव्हतं, तिथं ते आपल्या हातानं उरवायचं, हे त्या हट्टी म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरेना.

"वीरेश, कपाटातला आण."

"अप्पा..."

"आण म्हणतोय न्हवं."

मोनाचा कीबोर्ड आला. शिवाप्पांनी त्याला कुंकू लावलं आणि तिला जवळ बोलावलं. ती आली, घेतला, पान घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शिवाप्पांनी पुन्हा क्रांतीचा उचलला.

क्रांतीचे हात पाठीमागंच होते.

"आता काय?" शिवाप्पा खरंच चिडले.

"दोन वाजता दोघी घरला जाणार, रोज. पगार हाय तोच. न्हाईतर दिवाळी झाली की वीरेशदादा आम्हाला रिकामं बसलेलं बघणार आणि परत हितंच येणार सगळं. काम हाय ते हुईल, त्यात खोट न्हाय. वाचलेला वेळ आमचा."

कुणीतरी मागं हसलं. वीरेशनं कपाळावर हात मारला. शिवाप्पांनी मात्र डोळे बारीक केले. हयातभर सुताचे भाव केलेला माणूस तो. समोरच्यानं एकदा भाव सांगितला की तो आहे तसा मान्य करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"अडीच," ते म्हणाले.

क्रांतीनं तोंड उघडलं. तिच्या मनात आलं, अर्धा तास तर आहे, मोनाची नोकरी राहिली, सोडून द्यावं. खरंच आलं. हात सैल पडले, पुढं यायला निघाले.

तेवढ्यात मोना वाकली. आत्ता आत्ता हातात आलेला कीबोर्ड तिनं परत लाल कापडावर ठेवला, पानही त्यावर ठेवलं, आणि क्रांतीच्या शेजारी येऊन तिच्यासारखेच हात मागं बांधून उभी राहिली.

"दोन," मोना म्हणाली.

"दोन," शिवाप्पांनी मान डोलावली. मग त्यांनी कापडावरचा कीबोर्ड उचलला, हातातला त्यावर ठेवला आणि दोन्ही मिळून मोनाच्या पुढं धरले. मागून वीरेशनं विचारलं, "आणि माझा?"

"तू थांब," शिवाप्पा म्हणाले. "ह्यांचं होऊ दे."